'वाकू नका' हे नेमकं कोणाला सांगितलं होतं?

गेल्या वेळी सिनॉप्सिसमध्ये संशोधन प्रश्न कसा मांडायचा यावर लिहिलं होतं. तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातोय: "मांडायचा ते कळलं, पण मुळात प्रश्न सापडतो कुठे?" खरं सांगू का, मला माझा सापडला तो घरी, आईच्या पलंगाशेजारी. ग्रंथालयात मी नंतर गेले.

दोन वर्षांपूर्वी आईने न्हाणीघरातली भरलेली बादली उचलली आणि पाठीत कळ आली. आई तेव्हा चौसष्ट वर्षांची. लचक भरली असेल म्हणून तेल लावलं, शेक घेतला, पट्टा बांधला. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, की एका मणक्याचा पुढचा भाग चेपलाय. मणका मागून पूर्ण उंचीचा, पुढून बसलेला, म्हणजे पाचरीसारखा. ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. गुडघे तर आधीपासूनच कुरकुरत होते.

त्यानंतरच्या महिन्याभरात आईला चार सल्ले मिळाले. एक डॉक्टर म्हणाले, "पूर्ण विश्रांती." दुसरे म्हणाले, "पडून राहू नका, व्यायाम करा." कॉलनीतल्या योगवर्गाच्या बाई म्हणाल्या, "ताई, हळूहळू पादहस्तासन सुरू करा, पाठ मोकळी होईल." आणि मावशीने फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत एक माणूस ठणकावून सांगत होता, की हाडं ठिसूळ असतील तर आयुष्यात कधीही वाकू नका. आई म्हणाली, "चौघं चार तोंडांनी बोलतात. तू एवढी पीएचडी करतेस ना, मग सांग, मी करू काय?"

मी इतिहासाची विद्यार्थिनी. व्यायाम कोणता करायचा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण हे चारही सल्ले कधी, कुठे आणि कोणासाठी जन्माला आले, हे शोधणं तर माझंच काम आहे! ते शोधताना जे हाती लागलं ते आज लिहिते. थोडक्यात सांगायचं, तर वैद्यकीय सल्ला ज्या रुग्णासाठी तयार होतो, त्या रुग्णापेक्षा तो जास्त जगतो. रुग्ण बदलतो, आजार बदलतो, सल्ला मात्र तसाच पुढच्या माणसाच्या हातात येतो.

पहिला सल्ला: हलू नका

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दुखऱ्या सांध्यावरचा सर्वांत प्रतिष्ठित इलाज विश्रांती हा होता. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले सर्जन जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्यानं १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढे कित्येक दशकं वाचली गेली. लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस होते. त्यांचं घराणं वेल्समधल्या अँगलसी बेटावरचं, पिढीजात हाडवैद्यांचं. हे स्वतः रीतसर डॉक्टर झाले. त्यांचा आग्रह असा, की सांध्याला विश्रांती द्यायची तर ती रुग्णाच्या मर्जीवर सोडायची नाही, मधे खंड पडू द्यायचा नाही आणि लवकर संपवायची नाही. त्यासाठी त्यांनी बनवलेली पायाची पट्टी, थॉमस स्प्लिंट, आजही ऑर्थोपेडिक्सच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

आज आपण हे वाचून पटकन म्हणतो, "किती चुकीचं!" थांबा. इथेच नव्या संशोधकाची पहिली चूक होते. त्यांच्यासमोर कोण बसलं होतं ते बघा. त्या काळी सुजलेला गुडघा किंवा दुखरा खुबा घेऊन येणाऱ्यांत क्षयरोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने असत, त्यात लहान मुलंही खूप. सांध्याच्या क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावं लागलं. अशा सांध्याला हलवायचं म्हणजे आजार भडकवायचा, तेव्हा स्थिर ठेवणं हाच शहाणपणा होता.

पुढे क्षयावर औषधं आली आणि युरोप-अमेरिकेतल्या दवाखान्यांतून तो सांध्यांचा रुग्ण हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या खुर्चीवर झिजलेल्या गुडघ्याची आजीबाई येऊन बसली. सल्ला मात्र तोच राहिला: हलू नका.

प्लास्टरमधले चार तरुण

हाडावर भार पडला की हाड त्याप्रमाणे घडतं, हे जर्मन सर्जन युलिउस वोल्फ यांनी १८९२ च्या ग्रंथात मांडलं होतं. त्याची दुसरी बाजू, म्हणजे भार काढून घेतला तर काय होतं, हे माणसांवर काटेकोरपणे मोजलं गेलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला.

१९४७ मध्ये लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण जहाल लेख लिहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डीट्रिक, व्हेडन आणि शोर या तिघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी चार धडधाकट तरुणांना सहा ते सात आठवडे कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये ठेवलं आणि त्यांच्या शरीरात काय जातं, काय बाहेर येतं, याचा रोजचा हिशोब ठेवला. लघवीवाटे कॅल्शियम बाहेर पडू लागलं, स्नायू रोडावले, उभं राहिल्यावर चक्कर येऊ लागली. एकालाही कसलाच आजार नव्हता. केलं होतं ते एवढंच, की त्यांना हलू दिलं नव्हतं.

माणसं फक्त चार! पण या अभ्यासाचं वजन मोठं ठरलं. पुढे अंतराळवीर भारहीन अवस्थेत राहून परतले तेव्हा त्यांच्या हाडांतही अशीच घट दिसली. उलट बाजूचा पुरावा १९७७ मध्ये आला. ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांचे एक्स-रे तपासले, तेव्हा खेळत्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. इथे तुलनेसाठी वेगळा गट लागलाच नाही. माणूस तोच, आहार तोच, आईवडील तेच, फरक फक्त हातांच्या कामात. संशोधन आराखड्याचं याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

म्हणजे आईला मिळालेला पहिला सल्ला, 'पूर्ण विश्रांती', हा दुखणं ताजं असताना थोडे दिवस ठीक, पण महिनोन्महिने पाळला तर ठिसूळ हाड आणखी ठिसूळ करणारा. मग दुसरा सल्ला बरोबर? "व्यायाम करा"? इथे गोष्ट खरी रंगते.

'व्यायाम' हा एकच शब्द

१९३७ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसचे ऑर्थोपेडिक सर्जन पॉल विल्यम्स यांनी कंबरदुखीसाठी व्यायामांचा एक संच प्रसिद्ध केला. उताणं झोपून गुडघे छातीशी आणणं, पोटाचे स्नायू आवळून उठून बसणं, पुढे वाकणं. भर सगळा पुढच्या बाजूला वाकण्यावर. हा संच इतका पसरला, की कंबरदुखीचे व्यायाम म्हटलं की अनेक दवाखान्यांत हाच छापील कागद हातात पडे. आपल्याकडेही फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात हे नाव अजून भेटतं.

आता प्रश्न तोच: कोणासाठी? विल्यम्स यांच्या मूळ मांडणीत रुग्ण होते पन्नाशीच्या आतले पुरुष आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रिया, ज्यांच्या कमरेचा आतला बाक प्रमाणाबाहेर वाढलेला आहे असे. पाळी जाऊन वर्षं झालेली, पोक आलेली, मणके ठिसूळ झालेली बाई त्या चित्रात नव्हतीच. तिचा आजार तरी तेव्हा कुठे नीट ओळखीचा होता! पाळी जाणं आणि हाडांची झीज यांचा संबंध बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी मांडला तो १९४० च्या आसपास.

मधल्या काळात आणखी एक धागा तयार होत होता. १९६० च्या दशकात स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उताणं झोपल्यावर तो सर्वांत कमी, उभं राहिल्यावर जास्त, बसून पुढे झुकलं की आणखी जास्त. तरण्या हाडाला हा दाब काहीच नाही. पण मणक्याचा पुढचा भाग आतून पोकळ झालेला असेल, तर पुढे वाकताना नेमका तिथेच भार येतो. आईचा मणका पुढून चेपला होता, आठवतं?

५९ बायका

१९८४ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमधून मेहरशीद सिनाकी आणि बेथ मिकेलसन यांचा एक छोटा पेपर आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा सांधा तो आहे. पाळी गेलेल्या, कण्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या आणि पाठदुखी घेऊन आलेल्या ५९ स्त्रिया. वय ४९ ते ६०. उपचाराच्या आधी आणि नंतर कण्याचे एक्स-रे, मधलं अंतर एक ते सहा वर्षं. मोजलं काय? नवीन मणके चेपले का, एवढंच.

गट चार होते:

- पाठ मागे ताणण्याचे व्यायाम: २५ स्त्रिया. नव्याने मणके चेपले १६ टक्क्यांत.
- पुढे वाकण्याचे व्यायाम: ९ स्त्रिया. ८९ टक्के.
- दोन्ही प्रकारचे: १९ स्त्रिया. ५३ टक्के.
- व्यायामच नाही: ६ स्त्रिया. ६७ टक्के.

हा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. व्यायाम न करणाऱ्या बायकांत ६७, आणि मनापासून व्यायाम करणाऱ्या, फक्त चुकीच्या दिशेने वाकणाऱ्या बायकांत ८९! योगवर्गाच्या बाई, पादहस्तासन, माझी आई, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

मग गाईडसरांकडे गेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि एवढंच म्हणाले, "टक्के काढून टाक. माणसं लिही."

लिहिली. २५ पैकी ४. ९ पैकी ८. १९ पैकी १०. ६ पैकी ४.

आता बघा. व्यायाम न करणाऱ्या गटात एक बाई इकडची तिकडे झाली तर टक्केवारी जवळजवळ १७ ने हलते. ६७ आणि ८९ यांतला फरक म्हणजे प्रत्यक्षात ६ पैकी ४ आणि ९ पैकी ८ यांतला फरक. त्यावरून 'चुकीचा व्यायाम न करण्यापेक्षा वाईट' असं ठाम विधान करता येत नाही. पेपरच्या लेखिकांनी ज्या तुलनेवर भर दिला ती वेगळी आहे: मागे ताणणाऱ्या २५ विरुद्ध पुढे वाकणाऱ्या ९. तो फरक मोठा आहे आणि योगायोगाने येण्यासारखा नाही. पण आणखी एक गोम आहे. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. कोणत्या बाईला कोणता व्यायाम मिळाला, यामागे काही कारणं असू शकतात, आणि तीच कारणं तिच्या मणक्यांच्या नशिबातही असू शकतात.

आणि इतिहासकार म्हणून मला छळणारा प्रश्न तर पेपरमध्ये नाहीच. या ५९ जणी घरी काय करत होत्या? फरशी कोण पुसत होतं, नातवंडांना कडेवर कोण घेत होतं, वजनदार पिशव्या कोण उचलत होतं? एक्स-रेमध्ये मणके दिसतात, दिवस दिसत नाही. दिवसातून पंधरा मिनिटं व्यायाम आणि उरलेला दिवस वाकून काम, असं असेल तर नेमकं काय मोजलं गेलं?

म्हणून हा पेपर टाकाऊ का? अजिबात नाही. १९८४ पर्यंतचा वाद 'व्यायाम की विश्रांती' असा होता. या ५९ जणींनी प्रश्नच बदलला: 'कोणता व्यायाम, कोणत्या पाठीला?' चांगला पेपर नेहमी उत्तरच देतो असं नाही. काही पेपर आधीचा प्रश्न किती ढोबळ होता ते दाखवून देतात, आणि तेही पुरतं.

सल्ल्याची भीती होते तेव्हा

याच क्लिनिकमधून २००२ मध्ये आलेला पुढचा अभ्यास जास्त पक्का होता. ५० स्त्रियांपैकी २७ जणींनी दोन वर्षं पाठीच्या स्नायूंचे व्यायाम केले: पालथं झोपायचं, पाठीवर वजनाची पिशवी आणि छाती उचलायची. मग व्यायामाचा हा कार्यक्रम संपला. सुरुवातीपासून दहा वर्षांनी एक्स-रे पाहिले, तर व्यायाम केलेल्या गटात ३७८ मणक्यांपैकी ६ चेपलेले, न केलेल्या गटात ३२२ पैकी १४. इथेही आकडे लहानच आहेत, पण पाठीचे मागचे स्नायू कण्याला आधार देतात या म्हणण्याला बळ आलं. २०१३ मध्ये सिनाकी यांनी तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हाडांची घनता कमी, प्रकृती एरवी चांगली, आणि पुढे वाकण्याची योगासनं केल्यावर मणका चेपलेला. तीन जणांवरून प्रमाण काढता येत नाही, धोका असू शकतो एवढं दाखवता येतं.

पण आता तोच इतिहास पुन्हा घडला. ज्यांचा कणा आधीच ठिसूळ ठरला होता, ज्यांची पाठ आधीच दुखत होती, अशा स्त्रियांवरून निघालेला 'पुढे वाकण्याचे व्यायाम टाळा' हा सल्ला तोंडोतोंडी पसरत गेला आणि त्याचा झाला 'कधीच वाकू नका'. वजन उचलू नका, उडी मारू नका, जपून राहा. मावशीच्या व्हिडिओतला माणूस हेच सांगत होता. हाडांची घनता मोजणारं डेक्सा यंत्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलं, १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठी उणे अडीच ही टी-स्कोअरची रेषा आखली, आणि काहीही न दुखणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या हातात एकदम एक रिपोर्ट आला. रिपोर्टसोबत भीतीही आली. भीतीने हालचाल थांबली की काय होतं ते प्लास्टरमधल्या चार तरुणांनी आधीच दाखवलं होतं.

या भीतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो ऑस्ट्रेलियाने. क्वीन्सलंडच्या ग्रिफिथ विद्यापीठातला 'लिफ्टमोर' हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया, आणि इथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चक्क जड वजनं उचलली आणि उडी मारून जमिनीवर उतरण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाने घरी हलके व्यायाम केले. पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, दुसऱ्यात १.२ टक्के घटली. जड वजनाच्या गटात दुखापत नोंदली गेली ती एक, पाठीच्या किरकोळ दुखण्याची.

लगेच जिममध्ये पळू नका! इथेही विचारा: कोणासाठी? पहिला महिनाभर त्या स्त्रियांना कमी वजनावर फक्त हालचाल नीट शिकवली होती. प्रत्येक सत्रात शिकलेला माणूस समोर उभा होता. 'वजन उचला' हा तीन सेकंदांत सांगता येणारा सल्ला त्या अभ्यासात नव्हता.

ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये हे सगळं एकत्र करून एक निवेदन प्रसिद्ध केलं. त्याचे तीन भाग आहेत: हाडासाठी बळ, न पडण्यासाठी तोल आणि कण्यासाठी सरळ पाठ. व्यायामाचे फायदे साधारणपणे धोक्यापेक्षा जास्त आहेत असं ते म्हणतं. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट: रुग्णाला 'हे करू नका' सांगण्याऐवजी 'हे असं करा' सांगावं, यावर त्यात भर आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या 'नका, नका' नंतर!

गुडघ्याचं काय?

गुडघ्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण वळण तेच आहे. 'झिजलेला सांधा वापरला की आणखी झिजणार' हे आपल्याला यंत्राच्या उपमेमुळे पटतं. बेअरिंग झिजतं, तसा गुडघा. पण बेअरिंगला स्नायू नसतात. १९९७ मध्ये अमेरिकेत गुडघ्याचा संधिवात असलेल्या, साठीपुढच्या ४३९ जणांवर दीड वर्ष अभ्यास झाला. एक गट चालत होता, एक वजनांचे व्यायाम करत होता, तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती मिळत होती. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत वेदना कमी झाल्या आणि कामं सोपी झाली. सुधारणा माफक होती, चमत्कार नव्हे. पण एक्स-रेमध्ये व्यायामामुळे झीज वाढल्याचं दिसलं नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. दुखऱ्या सांध्याला पोहणं किंवा सायकल सुखाची वाटते. हाडाला मात्र त्यातून फारसं काही मिळत नाही, कारण शरीराचं वजन पाण्याने किंवा सीटने पेललेलं असतं. आईसारख्या दोन्ही दुखणी असलेल्या माणसाला म्हणूनच एकच छापील कागद पुरत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं. पार्श्वभूमी होती पोलिओच्या साथीची. म्हणजे आपल्याकडच्या या शास्त्राच्या डोळ्यांसमोरचा पहिला रुग्ण पाय लुळे पडलेलं मूल होतं.

त्याआधी महाराष्ट्रात व्यायामाचा एक मोठा प्रचारक होऊन गेला: औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये निघालं. आबालवृद्धांनी, स्त्री-पुरुषांनी, सर्वांनी एकच व्यायाम करावा, ही त्यांची तळमळीची भूमिका होती. ती समजून घ्यायची तर हेही लक्षात ठेवायला हवं, की हाडाची घनता मोजण्याचं साधन तेव्हा कोणाहीकडे नव्हतं. योगवर्गाच्या बाईंचा सल्ला या परंपरेतून आला होता. त्यात वाईट हेतू नव्हता, आईचा एक्स-रे तेवढा नव्हता. गंमत म्हणजे त्याच सूर्यनमस्कारात पुढे वाकणंही आहे आणि भुजंगासनासारखं मागे ताणणंही. सबंध परंपरा चांगली की वाईट हा प्रश्नच ढोबळ. कोणती अवस्था, कोणत्या कण्याला, एवढंच विचारायचं.

मग आईला काय सांगितलं?

मी काहीच सांगितलं नाही. तिला एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं आणि चारही सल्ले त्यांच्यासमोर मांडले. त्यांनी आधी तिची उंची मोजली, जुन्या आणि आताच्या उंचीत किती फरक पडलाय ते विचारलं. कारण मणके गुपचूप चेपतात, दुखतातच असं नाही. तरुणपणापेक्षा चारेक सेंटिमीटर उंची कमी झाली असेल तर कण्याचा एक्स-रे काढून पाहावा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईला खुर्चीवरून हात न टेकता उठवलं, एका पायावर उभं केलं आणि जमिनीवरची पिशवी उचलायला लावली. आईने पाठ गोल करून उचलली. "इथे शिकायचंय," त्या म्हणाल्या. पाठ सरळ, वाकायचं ते खुब्यातून, गुडघे दुमडून, वस्तू अंगाजवळ धरून.

आज आई पाठीचे, मांड्यांचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करते, हळूहळू वजनही वाढवलंय. पादहस्तासन नाही. बादली अर्धी भरते. न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. गुडघे अजून कुरकुरतात, पण जिना चढते. हे तिचं वेळापत्रक आहे, तुमच्या आईचं नाही. तिला अचानक पाठीत कळ आली, उंची कमी झालेली वाटली, पोक दिसू लागलं, तर या पोस्टवर विसंबू नका. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने फिजिओ.

मागच्या महिन्यात योगवर्गाच्या बाई घरी आल्या होत्या. आईने त्यांना हे सगळं सांगितलं, अगदी ९ पैकी ८ सुद्धा. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात साठीपुढच्या अकरा जणी आहेत. हाडांची तपासणी किती जणींची झालीय, मी कधी विचारलंच नाही." पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं. दोघींची झाली होती.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या घरात फिरणारा एखादा सल्ला घ्या. आरोग्याचा, शेतीचा, अभ्यासाचा, कसलाही. आणि वहीत चार ओळी लिहा. हा पहिल्यांदा कोणाला सांगितला गेला? तेव्हा दुसरा कोणता पर्याय हाताशी होता? ज्या पुराव्यावर तो उभा आहे त्यात माणसं किती? (टक्के नव्हे, माणसं.) आणि तो पुरावा कशाबद्दल गप्प आहे?

चौथी ओळ लिहिताना पेन अडखळलं, तर थांबा. तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक तिथेच असेल.